नाव शास्त्रातलं, अक्षरं मात्र आधी ठरवा

मुलाचं नाव जरा वेगळं ठेवायचं म्हटलं की घरातून पहिला प्रश्न येतो, ‘पोरं चिडवतील, त्याचं काय?’ माझ्या मुलाचं नाव मीखा. आता चौथीत आहे. त्याला चिडवलं गेलं, त्याच्या नावाचे नाना उच्चार झाले, आणि तरी आज तो आपलं नाव खणखणीत सांगतो. चिडवण्याचा त्रास आला तसा गेला. हेलपाटे घालायला लावले ते कागदावरच्या अक्षरांनी. बायबलमधलं फारसं न ऐकलेलं नाव मनात असलेल्या आईबापांसाठी हे लिहिते आहे. नावाला घाबरू नका, पण त्याची अक्षरं पक्की केल्याशिवाय ते कुठल्याही खिडकीवर देऊ नका.

आम्ही उल्हासनगरच्या कॅम्प ५ मध्ये राहतो. दुसऱ्या महायुद्धात इथे लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबं तिच्या बॅरेकींमध्ये राहिली, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल सी. राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळालं. पत्त्यात ‘बॅरेक नंबर’ आणि ‘कॅम्प’ अजून टिकून आहेत. आमच्या गल्लीत सिंधी, मराठी, उत्तर भारतीय अशी सगळी घरं आहेत. माझं सासर अहिल्यानगर जिल्ह्यातलं, मराठी ख्रिस्ती.

मराठी ख्रिस्ती घरांत नावांच्या दोन वाटा जुन्या आहेत. एक रेव्हरंड नारायण वामन टिळकांची. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तरी घरातली नावं मराठीच, मुलगा देवदत्त आणि मुलगी तारा. पंडिता रमाबाईंची लेक मनोरमा. दुसरी वाट शास्त्रातल्या, म्हणजे बायबलमधल्या, नावांची: योहान, शमुवेल, दानीएल, रूथ, एस्तेर. ही नावं ऐकून आता कोणी मान वर करून बघत नाही. कोकणातल्या बेने इस्राएल समाजाने तर अशी नावं मराठीत पार मुरवली. मुंबईतलं पहिलं सिनेगॉग १७९६ साली बांधणारे सॅम्युअल इझिकेल दिवेकर आपल्या लोकांत समाजी हसाजी होते. मशीद स्टेशनाजवळच्या सॅम्युअल स्ट्रीटवर ते सिनेगॉग आजही उभं आहे. १९३७-३८ मध्ये मुंबईचे महापौर झालेले डॉ. एलिजा मोझेस याच समाजातले, आणि त्यांच्या नावाच्या रस्त्यावरून रोज हजारो मराठी माणसं नावाला न अडखळता जातात. बायबलमधलं नाव मराठी तोंडाला परकं राहतं ही भीती म्हणजे जुना समज आहे. वापरलं की ते बसतं.

मीखा मात्र आमच्या मंडळीत दुसऱ्या कोणाचं नाव नव्हतं. जुन्या करारातल्या बारा लहान संदेष्ट्यांपैकी हा एक. इसवी सनापूर्वी आठव्या शतकातला, मोरेशेथ नावाच्या छोट्या गावचा, राजदरबाराशी संबंध नसलेला. दुसऱ्यांची शेतं आणि घरं बळकावणाऱ्यांना, बायकांना राहत्या घरातून हुसकावणाऱ्यांना त्याने तोंडावर सुनावलं. न्यायाने वागणं, दया प्रिय मानणं आणि देवाबरोबर नम्रतेने चालणं, एवढंच देवाला माणसाकडून हवं असतं, असं त्याच्या सहाव्या अध्यायात आहे. घरदार सोडून आलेल्या माणसांनी वसवलेलं हे आमचं शहर. इथे आजही इमारतीवर ‘धोकादायक’ अशी नोटीस लागली की अख्ख्या मजल्याची झोप उडते. बाळ पोटात असताना अशा जागी मी ते छोटंसं पुस्तक पुन्हा पुन्हा वाचलं आणि नाव मनाशी ठरवलं.

घरात विरोध झाला आणि तो रास्त होता. सासूबाई म्हणाल्या, ‘अगं, माझ्या तोंडात बसेल असं ठेव. योहान काय वाईट आहे?’ नणंदेने आत्याच्या हक्काने दानीएल ठरवून ठेवलं होतं. दीर म्हणाले, ‘मिका सिंग म्हणतील वहिनी, गल्लीत रोज गाणी लावतील.’ शेजारच्या सिंधी काकींनी मात्र वेगळंच विचारलं. त्यांच्याकडे गुरु ग्रंथसाहेब उघडून नावाचं अक्षर काढतात. नाव कुठून आलं, हा त्यांचा प्रश्न. शास्त्रातून आलं म्हटल्यावर त्या म्हणाल्या, ‘फिर तो अच्छा है, किसी से पूछना ही क्या!’ त्या एका वाक्याने मला फार बळ दिलं.

दिरांचं भाकीत खरं ठरलं. बालवाडीत मिका सिंग झाला, पहिलीत गाणी झाली. दुसरीत कोणालाच त्यात गंमत उरली नाही, कारण तोवर मीखा म्हणजे वर्गातला एक मुलगा झाला होता. सासूबाईंनी पहिल्या महिन्यातच त्याचा ‘मिखू’ केला आणि आज तेच नाव सगळ्यांत जास्त वेळा घरात ऐकू येतं.

कागदांचं तसं झालं नाही. प्रसूतीनंतर भरलेल्या फॉर्मवर नाव इंग्रजीत गेलं, जगभर लिहितात त्याच स्पेलिंगने, एम-आय-सी-ए-एच. दाखला आला तेव्हा इंग्रजी बरोबर होतं आणि मराठी रकान्यात छापलं होतं ‘मायका’. इंग्रजीत या नावाचा उच्चार तसाच होतो, त्यामुळे टाइप करणाऱ्याने मनाने काही घातलं असंही म्हणता येत नाही. पण अर्ध्या हिंदी बोलणाऱ्या आमच्या वस्तीत मायका म्हणजे बाईचं माहेर! पुढे आधार काढलं. तिथे इंग्रजीवरून मशीनने आपोआप मराठी केलं, ‘मिकाह’. आणि बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर पाळकसाहेबांनी मराठी बायबलप्रमाणे लिहिलेलं ‘मीखा’. शाळाप्रवेशाच्या वेळी हे तिन्ही कागद एकाच टेबलावर आले. बाईंनी पेन्सिलीने तिन्ही नावांखाली एकेक रेघ ओढली आणि शांतपणे विचारलं, ‘यातलं रजिस्टरला कोणतं चढवू?’

जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ च्या कलम १५ प्रमाणे चुकीची नोंद दुरुस्त करता येते. मूळ नोंद खोडत नाहीत. समासात दुरुस्ती लिहून निबंधक त्यावर सही करतात. आम्ही अर्ज दिला, दोघांचं प्रतिज्ञापत्र जोडलं, बाप्तिस्म्याचा दाखला पुरावा म्हणून लावला. नवऱ्याचे कामावर खाडे झाले, तान्ह्या धाकटीला कडेवर घेऊन मी रांगेत उभी राहिले. मराठी नाव दुरुस्त झालं. इंग्रजी स्पेलिंग तेच राहिलं, त्यामुळे आजही नवा फॉर्म भरताना मी शेजारी उभी राहून मराठी अक्षरं सांगते.

हे सगळं टाळता येण्यासारखं आहे. त्यासाठी काय करावं, ते आता क्रमाने सांगते.

नाव ठरवताना ते गॅलरीतून मोठ्याने हाक मारून पाहा. मराठी शेजाऱ्याला, हिंदी बोलणाऱ्या रिक्षावाल्या भाऊंना आणि घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाला ते म्हणायला लावा. थोडी वेडीवाकडी हाक चालते. पण नावाचा आवाजच आपल्याकडे दुसऱ्या अर्थाने पक्का झालेला असेल तर थांबा. नोहाचा मुलगा शेम हा शास्त्रातला चांगला माणूस, पण आपल्याकडे लहान मुलांचं ‘शेम शेम’ सगळ्यांना ठाऊक आहे. लोट हे नाव ऐकून पोरं पहिल्या दिवशी काय करतील ते सांगायला नको. यहूदा हे याकोबाच्या मुलाचं मानाचं नाव, पण मराठी बायबलमध्ये येशूला धरून देणाऱ्याचं नावही यहूदाच आहे. मिका सिंग ही चेष्टा विरते, ‘शेम शेम’ विरत नाही, हा फरक आईबापांनी ओळखायला हवा. ज्याचं नाव ठेवता त्याची गोष्टही शेवटपर्यंत वाचा. नुसता कानाला गोड लागणारा आवाज पुरेसा नाही.

नाव ठरलं की आधी मराठीत लिहा. घरातलं मराठी बायबल उघडा आणि ऱ्हस्व-दीर्घासकट तिथलं रूप घ्या. मग इंग्रजी स्पेलिंग असं निवडा की ते वाचणाऱ्याच्या तोंडून तोच आवाज निघेल. आज मला निवडायचं असतं तर मी एम-आय-के-एच-ए घेतलं असतं. परदेशातल्या नातेवाइकांना ते वेगळं वाटलं असतं, पण मूल आधी इथल्या शाळेत, इथल्या बँकेत, इथल्या कचेरीत जाणार आहे. स्पेलिंगने आधी तिथलं काम सोपं करावं.

घाई करू नका. जन्माची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी, पण नाव त्याच वेळी द्यावंच लागतं असं नाही. नावाशिवाय नोंद होते, नंतर १२ महिन्यांत विनाशुल्क नाव घालता येतं, आणि विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. बाळंतीण अजून खाटेवर असताना, कोणी फॉर्म पुढे केला म्हणून तिथल्या तिथे नाव लिहून देण्याची गरज नाही. बाप्तिस्मा किंवा बारसं होऊ द्या, घरात एकमत होऊ द्या.

खिडकीवर तोंडी नाव सांगू नका. एका कागदावर मराठी आणि इंग्रजी, दोन्ही मोठ्या सुट्या अक्षरांत लिहा आणि तो कागद द्या. छापण्याआधी पडद्यावरचं नाव दाखवायची विनंती करा, मराठी रकाना स्वतः वाचा. मीखा, योना, यशया अशी आकारान्त नावं अनोळखी माणसाला मुलीची वाटू शकतात, तेव्हा लिंगाचा रकानाही बघा. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेश, आधार, मतदार यादी, पासपोर्ट अशा कामांना जन्मतारखेचा आणि जन्मठिकाणाचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच धरला जातो. त्यातली चूक पुढच्या प्रत्येक कागदावर उतरते. १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांच्या सरकारी कागदांवर महाराष्ट्रात मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि आडनाव असा क्रम आहे. तोच क्रम सगळीकडे ठेवा.

आधारमध्ये नाव बदलण्याची संधी आयुष्यात दोनदाच मिळते, ती निष्काळजी टायपिंगवर खर्च होऊ देऊ नका. पाचव्या वर्षी बोटांचे ठसे द्यायला जाल तेव्हा नावही तपासा. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये नाव कसं चढलं आहे ते प्रवेशाच्याच वर्षी बघून घ्या. दहावीचा फॉर्म त्याच नोंदीवरून भरला जातो, आणि शाळा सुटल्यावर नाव दुरुस्त करणं फार जड जातं. पाळकांकडून बाप्तिस्म्याचा दाखला आठवणीने घ्या. आमच्या कामी तोच आला.

आता चिडवण्याबद्दल. शाळेत पाय ठेवण्याआधी मुलाला त्याच्या नावाची गोष्ट सांगा, त्याला दुसऱ्याला सांगता येईल अशी. नाताळात बेथलेहेमचं जे भाकीत वाचतात ते मीखाच्या पुस्तकातलं आहे, हे आमच्या मुलाला लहानपणीच कळलं. त्याने ते वर्गात सांगितलं, आणि नाताळच्या कार्यक्रमात बाईंनी त्याला पुढे उभं केलं. जूनमध्ये वर्गशिक्षिकेला भेटून उच्चार एकदा सांगा. हजेरीत बाईंनी नाव नीट घेतलं की पोरंही नीट घेतात. आणि आपल्या मुलालाही दुसऱ्याच्या नावावर हसू देऊ नका.

मात्र चेष्टा महिनोन्‌महिने चालली, मूल शाळेला जायला रडू लागलं, तर ‘नावच तसं ठेवलंत’ असं कोणाचंही ऐकू नका. तो छळ आहे. शिक्षकांकडे, मुख्याध्यापकांकडे जा आणि थांबवायला लावा. मूग गिळून गप्प बसू नका, आणि नाव बदलू नका.

एवढं करूनही मन धजत नसेल, तर रूथ किंवा योहान ठेवा, देवदत्त ठेवा. त्यात श्रद्धा कमी पडत नाही. पण जे नाव प्रार्थनेतून मनात आलं ते केवळ बालवाडीतल्या पोरांच्या भीतीने टाकू नका. पोरं वर्षभरात विसरतात. खिडकीवरचा कागद मात्र दोनदा वाचून मगच पुढे सरकवा.