मार्गदर्शक आणि संधी : अपंग मेंदू-संशोधकांची घडण

पीएच.डी. मिळाली की संशोधक तयार झाला, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुस्थिती तशी नाही. मेंदू व मज्जासंस्थेच्या शास्त्रात पीएच.डी.नंतर काही वर्षे अनुभवी शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत उमेदवारी करावी लागते. यालाच ‘पोस्टडॉक’ म्हणतात. स्वतःची प्रयोगशाळा त्यानंतर. नेमणूक मुदतीची असते, पगार बेताचा असतो आणि शिफारस वरिष्ठांच्या हाती असते. अपंग संशोधकाची वाट बहुधा येथेच अडते.

या टप्प्यासाठी अमेरिकेत काय केले गेले, ते पाहू. तेथील नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थ या सरकारी संस्थेने २००६ साली ‘के ९९/आर ००’ ही योजना जाहीर केली. तिचे दोन भाग आहेत. पहिली जास्तीत जास्त दोन वर्षे मार्गदर्शकाच्या हाताखाली शिक्षण; नंतर प्राध्यापकपद मिळाल्यास तीन वर्षांपर्यंत स्वतंत्र संशोधनासाठी अनुदान. २०१३ साली मेंदू-संशोधनाचा ‘ब्रेन’ हा राष्ट्रीय उपक्रम जाहीर झाला. पुढे त्यातही अशीच एक योजना निघाली. संशोधनात ज्यांची संख्या कमी, अशा वर्गांसाठी ती होती व त्यात अपंगांचा स्पष्ट समावेश होता.

मात्र केवळ पैशाने काम भागत नाही. मार्गदर्शकाची कर्तव्ये तीन आहेत :

१) साधने सोयीची करणे. पर्ड्यू विद्यापीठातील ब्रॅडली ड्युअरस्टॉक यांचे हातपाय पक्षाघाताने बाधित आहेत. मज्जाविज्ञानात पीएच.डी. केलेल्या या शास्त्रज्ञाने हातांचा वापर मर्यादित असलेल्यांसाठी संगणकावरून चालणारा सूक्ष्मदर्शक विकसित करण्यात भाग घेतला. अशा सोयीने दोष माणसात नसून मांडणीत होता, हे सिद्ध होते.

२) काम आणि विचार यांतील फरक ओळखणे. पेशीत सूक्ष्म नळी घालणारा हात सहायकाचा असू शकतो. प्रयोगाची आखणी व निष्कर्ष संशोधकाचेच असतात.

३) ओळखी करून देणे. परिषदेत बधिर उमेदवारासाठी दुभाषा नसेल, तर व्याख्यानानंतरच्या चर्चेतून तो वगळला जातो. सहकार्य आणि नोकऱ्या तर अशा चर्चांतूनच जुळतात.

२०२५ साली अमेरिकेतील सरकारी धोरण बदलले व विविधतेच्या नावाने चालणाऱ्या अनेक योजना मागे घेतल्या गेल्या. सवलत म्हणून दिलेली गोष्ट एका आदेशाने जाऊ शकते, हा त्यातील धडा होय. म्हणूनच सोय ही कृपा न राहता प्रयोगशाळेची रोजची रीत व्हावयास हवी. उंची बदलता येणारे टेबल आणि वाचून दाखवणारा संगणक एकदा आले की ते पुढच्या विद्यार्थ्यालाही उपयोगी पडतात.

विद्यार्थी मित्रांनो, पीएच.डी.नंतर जागा शोधताना प्रयोगशाळेच्या नावलौकिकाबरोबर मार्गदर्शकाची वृत्तीही पारखा. तेथून पूर्वी बाहेर पडलेले विद्यार्थी आज कोठे आहेत, ते विचारा. आपल्याला लागणाऱ्या सोयी पहिल्याच बोलण्यात, संकोच न करता, लेखी मांडा. आणि उद्या तुम्ही स्वतः मार्गदर्शक झालात, तर दार उघडताना ते चाकाच्या खुर्चीला पुरेल इतके रुंद आहे ना, हे आधी पाहा.