मुलांच्या हक्कांसाठी शिकायचंय? पदवीनंतरची एक वाट

दिवाळी सरली की सोलापूर जिल्ह्यातल्या करकंब परिसरातल्या उसाच्या फडांवर मराठवाड्यातून तोडणी मजुरांच्या टोळ्या येतात. आईबाप पहाटेच कोयता घेऊन निघतात आणि शाळेच्या वयाची मुलगी धाकट्या भावाला सांभाळत कोपीवर, म्हणजे मजुरांच्या झोपडीवर थांबते. तिचं नाव गावच्या शाळेच्या पटावर असतं, ती मात्र इथं. ६ ते १४ वयाच्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क देणारा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. तरी तिचं वर्ष का बुडतं? हा प्रश्न तुम्हाला स्वस्थ बसू देत नसेल, तर शिक्षण आणि सामाजिक न्याय हा पदव्युत्तर अभ्यास तुमच्यासाठी आहे.

काय शिकाल?
जात, गरिबी, स्थलांतर, अपंगत्व, मुलगी असणं यांचा शिक्षणावर होणारा परिणाम. बालविकास, मुलांचं मानसिक आरोग्य, कायदे, धोरण आणि संशोधनाच्या पद्धती. जोडीला प्रत्यक्ष क्षेत्रकार्य. अशा क्षेत्रकार्याचं बळ मोठं असतं: अडचणीतल्या मुलांसाठीची १०९८ हेल्पलाइन १९९६ मध्ये मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या प्रकल्पातूनच उभी राहिली.

कुठे शिकाल?
शिक्षण विषयातल्या एम.ए.साठी टाटा संस्था आणि बंगळुरूचं अझीम प्रेमजी विद्यापीठ ही दोन महत्त्वाची नावं. बालसंरक्षणाकडे ओढा असेल तर समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी, एम.एस.डब्ल्यू. पाहा: पुण्यात कर्वे समाजसेवा संस्था, मुंबईत निर्मला निकेतन. टाटा संस्थेचा ग्रामीण परिसर तर आपल्या शेजारी, तुळजापूरला आहे. बहुतेक ठिकाणी कोणत्याही शाखेची पदवी चालते. प्रवेश परीक्षा आणि तारखा त्या वर्षीच्या माहितीपत्रकातूनच तपासा.

खर्चाचं काय?
पालकांनो, शुल्काचा आकडा पाहून लगेच नाही म्हणू नका. पात्र विद्यार्थ्यांना महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरून शासकीय शिष्यवृत्ती मिळते. अझीम प्रेमजी विद्यापीठ कौटुंबिक उत्पन्न पाहून शुल्कात सवलत देतं. ब्रिटनमध्ये अशी पदव्युत्तर पदवी साधारण एका वर्षाची असते, पण महाग. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. ब्रिटन सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीला दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो. म्हणून आधी काम, मग परदेश हा क्रम शहाणपणाचा.

नोकरी कुठे?
एक गोष्ट स्पष्ट असू द्या: या एम.ए.वर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होता येत नाही. त्यासाठी डी.एल.एड. किंवा बी.एड. आणि शिक्षक पात्रता परीक्षा (टीईटी) हवीच. वाटा आहेत त्या स्वयंसेवी संस्था, शिक्षक प्रशिक्षण, अभ्यासक्रम निर्मिती, संशोधन आणि धोरणविषयक कामाच्या. एम.एस.डब्ल्यू. केलेल्यांना जिल्हा बाल संरक्षण कक्ष आणि बालगृहांतही संधी असते. तिथल्या बऱ्याच जागा कंत्राटी असतात. सुरुवातीचा पगार बेताचाच असतो, फिरतीही असते. घरावर कर्ज असेल तर हे गणित एकत्र बसून मांडा.

आजपासून काय कराल?
येत्या हंगामात शाळेतल्या गुरुजींना, टोळीच्या मुकादमाला भेटा. पालकांच्या संमतीने कोपीवरच्या मुलांना रोज तासभर शिकवा, गोष्टी वाचून दाखवा. कोण का येत नाही, याची एका वहीत नोंद ठेवा. इंग्रजी वाचनाची सवय लावा. मोठ्या संस्थांत वाचन बरंचसं इंग्रजीतच असतं. प्रवेशाच्या मुलाखतीत ती नोंदींची वही तुमच्या गुणपत्रिकेइतकीच बोलेल. आणि पालकांनो, हंगाम संपेपर्यंत तुमचं मूल न चुकता कोपीवर शिकवायला जात राहिलं, तर त्याची निवड लहरीची नाही एवढं ओळखा आणि त्याच्या पाठीशी उभे राहा.