टाकी गंजली, आता वेल्डिंग की बदल?

प्रश्न : रत्नागिरीच्या एका वाचकाकडे कार्बोरेटरवाली जुनी मारुती ८०० आहे. गाडी चढावर अडखळते, फिल्टरमध्ये तांबूस भुकटी साचते आणि पार्किंगमध्ये पेट्रोलचा वास येतो. टाकीला वेल्डिंग करून भागेल का?

उत्तर : नाही, टाकी बदलावीच लागेल.

किनाऱ्यावरची खारट हवा पत्र्याला बाहेरून खाते. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली, की अर्धवट भरलेल्या टाकीत दमट हवेतले पाणी साचते आणि पत्रा आतूनही गंजतो. पेट्रोलमधले इथेनॉलही पाणी शोषते. सुटलेले कण फिल्टर तुंबवतात, काही कार्बोरेटरच्या जेटपर्यंत पोहोचतात. चढावर इंजिनाला जास्त पेट्रोल हवे असते, तिथेच ते कमी पडते.

रिकाम्या टाकीतही पेट्रोलची वाफ उरते आणि वेल्डिंगच्या ठिणगीने तिचा स्फोट होऊ शकतो. पेट्रोलचा वास म्हणजे गळतीची खूण, म्हणून नवी टाकी बसेपर्यंत गाडी चालवू नये.

काम मोकळ्या हवेत व्हावे, सर्व्हिस पिटवर नव्हे, कारण ही वाफ हवेपेक्षा जड असते आणि खड्ड्यात साचते. आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढावी. टाकीसोबत फिल्टर, रबरी नळ्या, क्लिपा आणि टाकीतल्या इंधनमापकाच्या फ्लोटचे गॅस्केटही नवे घ्यावे. धातूच्या नळ्या गंजल्या असतील तर त्याही बदलाव्यात आणि कार्बोरेटर साफ करून घ्यावा.

शेवटी इंजिन सुरू ठेवून प्रत्येक जोड तपासावा. कुठेही ओल दिसली, तर गाडी रस्त्यावर काढू नये.