फट ठेव रे बाबा

बाळा, डोंबिवली सोडून मळ्यातल्या घरात राहायला आलास, बरं केलंस. पण परवा फोनवर "आत्या, इथली थंडी काय मस्त आहे गं" म्हणालास, तेव्हा मला हसू आवरेना. नोव्हेंबरची थंडी पाहुणी असते, जानेवारीची घरमालकीण. निफाडचं नाव पेपरात येतं ते द्राक्षांसाठी, नाहीतर थंडीसाठी. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा मोजतात, आणि तो २-३ अंशांपर्यंत उतरलेला आपल्या तालुक्यानं पाहिलाय. तुम्ही २० अंशाला कानटोपी शोधणारी माणसं! त्यात माझ्या दादाला बीपी, वहिनीला साखर, पाळण्यात छकुली. म्हणून हे लिहून पाठवतेय. फ्रीजवर चिकटव, वाचून ठेवून देऊ नकोस.

एक आधीच सांगते. मला गारठ्याची फारशी धास्ती नाही, गोधडी आहे, ऊन आहे. धास्ती आहे ती गारठ्याला भिऊन दारंखिडक्या गच्च लावून आत विस्तव पेटवणाऱ्या माणसाची.

१. थंडीच्या दिवसांत हवामान खात्याचा अंदाज रोज बघ — काश्मीर-हिमाचलात बर्फ पडून तिकडचं आभाळ मोकळं झालं की उत्तरेचा कोरडा वारा आपल्या अंगणात यायला फार दिवस घेत नाही.

२. पारा १० अंशांवर किंवा खाली आणि नेहमीपेक्षा किमान ४.५ अंशांनी कमी, की खातं त्याला थंडीची लाट म्हणतं; ४ पर्यंत उतरला तर सरासरीही बघत नाही — "आमच्या वेळी याहून जास्त असायची" असं पारावर कुणी म्हणालं तर मान डोलव, आणि घरी येऊन गोधड्या काढ.

३. दिवसा लख्ख ऊन, संध्याकाळी वारा पडलेला, आभाळात ढगाचा ठिपका नाही, अशी रात्र फसवी — वर ढग नसले की जमिनीची दिवसभराची ऊब सरळ आभाळात निघून जाते.

४. रात्री बाराची थंडी सोसली म्हणून पहाटेचीही सोसेल असं धरू नको — खरा कडाका सूर्य उगवायच्या सुमाराला, आणि दूध काढायचं, मोटार लावायचं काम नेमकं तेव्हाच निघतं.

५. गोधड्या, रग, स्वेटर आधीच दोन-तीन दिवस कडक उन्हात घाल — दमटलेला कापूस ऊब धरत नाही, आणि ट्रंकेतल्या डांबरगोळ्यांचा वास छकुलीच्या नाकाला नको.

६. एका जाड रगापेक्षा दोन पातळ गोधड्या एकीवर एक घ्याव्या — ऊब कापडात नसते, दोन कापडांच्या मध्ये अडकलेल्या हवेत असते.

७. वर पांघरशील तेवढंच खाली अंथर, दादाच्या नवारीच्या खाटेवर तर दुप्पट — गारठा खालून येतो आणि माणूस रात्रभर वरचं पांघरूण ओढत बसतो.

८. उत्तरेकडच्या खिडकीच्या फटी जुन्या लुगड्याच्या सुरळीनं बुजव, पण दक्षिणेची एक झडप बोटभर उघडी राहू दे — बोचरा वारा एकीकडून थोपवायचा असतो, घराचा श्वास नाही.

आता विस्तवाचं. इथे जरा बसून वाच.

९. शेगडी किंवा घमेल्यातले निखारे झोपायच्या खोलीत न्यायचे नाहीत, धूर निघून लालबुंद झालेले तर मुळीच नाहीत — निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला ना रंग ना वास, आणि रक्तात तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून घट्ट चिकटतो. झोपलेल्याला जागही येत नाही. धूर डोळ्यांना सांगून येतो, निखारा कुणालाच सांगत नाही.

१०. वहिनी म्हणेल, "बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवायची रीतच आहे." तिच्याशी वाद घालू नकोस, तिला घेऊन आपल्या जुन्या वाड्यात जा आणि वर बघायला सांग — तिथे कौलं आहेत, कौलांच्या फटींतून रात्रभर वारा खेळायचा; तुझ्या खोलीवर स्लॅब आहे आणि खिडक्या स्लायडिंगच्या, रबर लावलेल्या. रीत तीच राहिली, घर बदललं. जुन्या घरातही तो धूर बाळाच्या छातीला काही चांगला नव्हता, ते वेगळंच.

११. शेकोटी अंगणात, कडब्याच्या गंजीपासून लांब, आणि झोपायला जाताना पाणी टाकून विझवायची — पहाटे वारा सुटला की राखेतली ठिणगी पुन्हा जागी होते.

१२. बाथरूममध्ये गॅसचा गिझर बसवलायस म्हणे! तो बाहेरच्या भिंतीवर घे आणि फक्त गरम पाण्याचा पाइप आत आण — बंद बाथरूममध्ये तो आतलाच ऑक्सिजन खातो आणि तोच विषारी वायू सोडतो. तुझी आजी शाळेत गेली नव्हती, पण तिचा तांब्याचा बंब परसात असायचा. विस्तव बाहेर, पाणी आत, एवढं तिला शिकवावं लागलं नव्हतं.

१३. प्लंबर येईपर्यंत आधी बादली भरायची, गिझर बंद करायचा, झरोका उघडायचा, मगच अंघोळ. आणि आतून कडी लावायची नाही, दार नुसतं लोटायचं — आत कुणाला चक्कर आली तर दार फोडण्यात जातो तोच वेळ जीव वाचवायचा असतो. लाज वाटत असेल तर बाहेर टॉवेल टांग, कळतं सगळ्यांना.

१४. गिझरची, गॅसच्या शेगडीची ज्योत निळी हवी. पिवळी दिसली, भांड्याला काजळी धरली तर बंद करून मेकॅनिक बोलाव — पिवळी ज्योत म्हणजे अर्धवट जळणं.

१५. थंडीत घरातल्या दोघातिघांचं एकदम डोकं दुखायला लागलं, मळमळलं, गरगरलं, तर आधी सगळे बाहेर मोकळ्या हवेत, दारं उघडी, मग १०८ ला फोन — पित्त एकेकाला होतं रे, घराला होत नाही.

१६. गारठ्यात सिलिंडर मंद चालतो म्हणून त्याला गरम पाण्यात उभा करू नको, आडवाही करू नको — गळती झाली तर हा गॅस हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचून बसतो आणि ठिणगीची वाट बघतो.

१७. पाणी तापवायचा रॉड लावलास तर बटण बंद, पिन काढलेली, मगच पाण्यात बोट. आणि गळती झाल्याबरोबर वीज तोडणारा आरसीसीबी वायरमनकडून बसवून घे — "कोमट झालंय का बघतो" म्हणून घातलेला हात सगळ्यात महाग पडतो.

१८. विजेचा हीटर पांघरुणापासून दोन हात लांब आणि भिंतीतल्या सॉकेटलाच — एक्स्टेंशनच्या बारीक वायरीला त्याचा भार सोसत नाही, ती गोधडीखाली तापते आणि कुणाला दिसत नाही.

दादाचं आता. डोंबिवलीत पहाटे पाचला फिरायला जायचा, इथेही निघेल. त्याला अडवणं तुझ्यानं होणार नाही, म्हणून माझं नाव सांग.

१९. फिरणं ऊन अंगावर आल्यावर, आठनंतर — गारठ्यानं रक्तवाहिन्या आकसतात, बीपी चढतं, आणि भल्या पहाटे हृदयावर आधीच ताण असतो.

२०. रात्री लघवीला उठताना एकदम पांघरूण फेकून उभं राहायचं नाही. काठावर बसून स्वेटर-टोपी घालायची, मग पाय खाली — उबेतून गारठ्यात एका उडीत गेलं की भोवळ येते. आणि पायमोज्यांवर गुळगुळीत फरशी नको, चप्पल हवी.

२१. दादा-वहिनी दोघांसाठी थर्मासमध्ये गरम पाणी भरून ठेव आणि दुपारपर्यंत संपलं का बघ — थंडीत तहान लागत नाही, पण अंगाला पाणी लागतंच.

२२. वहिनीच्या पायाशी गरम पाण्याची पिशवी झोपण्याआधी ठेव आणि ती झोपताना काढून घे — साखरेनं पाय बधिर झालेले असतात, भाजलेलं सकाळी फोड बघून कळतं. रात्रभरासाठी लोकरीचे मोजे पुरे.

२३. बीपी-साखरेच्या गोळ्या पुढच्या पंधरा दिवसांच्या हाताशी ठेव — धुक्यात पहाटे औषधाच्या दुकानाकडे गाडी काढायची वेळ येऊ नये. ऊस भरलेल्या ट्रॉलीला मागं दिवा असेलच, अशी समजूत करून घेऊ नकोस.

२४. "दोन घोट घेतले की थंडी पळते" म्हणणारे पाहुणे येतील. पळते ती थंडी नाही, अंगातली ऊब — दारूनं कातडीकडे रक्त धावतं, वर गरम वाटतं आणि आतून माणूस गार होत जातो.

२५. काकडणारं माणूस घाबरण्यासारखं नाही. काकडणं थांबून जीभ जड झाली, झापड आली, तर मात्र दवाखान्याची गाडी काढ — अंगाचं तापमान ३५ अंशांच्या खाली गेलं की धोका सुरू होतो, आणि ते आणखी उतरलं की शरीर कुडकुडायचंही सोडून देतं. तोवर ओले कपडे काढ, आधी छाती-पोट ऊबेत घे, हातपाय चोळत बसू नको. पूर्ण शुद्धीवर असेल तरच कोमट गोड पाणी.

छकुलीचं फार नाही. सूनबाई हुशार आहे, तुलाच सांगायला हवं.

२६. तुझ्या अंगावर जेवढे कपडे, तिच्यावर एक थर जास्त, टोपी आणि मोजे; तोंडावरून मात्र पांघरूण कधी नाही — लहान जीवाला ते ओढून काढता येत नाही.

२७. थंडी वाजतेय का हे तळहाताला नाही, मानेमागं आणि पोटाला हात लावून बघ — बाळाचे तळवे एरवीही गारच असतात. पोट गार लागलं तर तिला कुणीतरी छातीशी, कातडीला कातडी लावून धरायचं आणि वरून शाल घ्यायची. तुलाही जमतं ते, बाप आहेस.

२८. तेल-अंघोळ पहाटे नाही, अकराच्या उन्हात, दार लोटून — ओलं अंग आणि वारा यांची गाठ पडू द्यायची नाही. चार दिवस नुसतं पुसून घेतलं तरी मूल काळं पडत नाही.

बागेचं मी सांगत नाही, बागवाले आहेत. मण्यांना तडे जायची काळजी ते करतील. पण पहाटे ते ठिबक का सोडतात ते विचार त्यांना. विहिरीचं, बोअरचं ताजं पाणी थंडीत कोमट लागतं, गच्चीवरच्या टाकीतलं बोटं बधिर करतं. तेच घरातही लागू कर: भांडी घासायला, जनावरांना पाजायला मोटार चालू करून ताजं पाणी घे.

२९. गोठ्याला उत्तरेकडून बारदान बांध, वरची हात-दीड हात जागा मोकळी ठेव, खाली कोरडं पाचट टाक — जनावराला ओली जमीन वाऱ्याहून जास्त छळते, आणि शेण-मुताची वाफ कोंडली की वासरं खोकतात.

३०. वैरण संध्याकाळी भरपूर घाल — रवंथ करणाऱ्या जनावराचं पोटच त्याची शेगडी असते.

३१. रात्रीच्या लाइटीला पाणी भरायला गडी एकटा पाठवू नको. दोघं, बॅटरी, गमबूट आणि कोरड्या मोज्यांचा जादा जोड — ओले पाय घेऊन तासभर उभं राहिलं की माणूस आतून गारठतं, आणि उसात बिबट्या असतो हे तुला वेगळं सांगायला नको.

३२. पेठ-सुरगाण्याकडून बागेच्या कामाला आलेली माणसं, ऊसतोडीवाल्यांच्या कोप्या, यांच्याकडे लाटेच्या रात्री एकदा स्वतः जाऊन ये. कोपीत तान्ही मुलं असतात आणि दाराशी शेकोटी. गोण्या लावून तोंड बंद केलं की आत तीच शेगडीची गोष्ट. पॅकिंगची शेड रिकामी असेल तर कुलूप काढून दे, अंथरायला बारदानं दे, आणि विस्तव कुठे ठेवायचा ते माणसासारखं समजावून सांग, मालकासारखं नाही — गारठ्याला सात-बारा बघता येत नाही.

३३. जळणाच्या ढिगातून लाकूड काढताना आधी काठीनं हलव — थंडीत उबेला बसणारे फक्त आपणच नसतो.

३४. शेजारच्या वस्तीवर एकटी राहणारी म्हातारी आहे, तिच्याकडे सकाळी चहाच्या निमित्तानं कुणीतरी जा — तिला "काळजी वाटली" म्हटलेलं आवडत नाही, साखर उसनी मागितलेली चालते.

खाण्याचं सूनबाईला विचारून कर. बाजरीची भाकरी, तीळ, गूळ, लसणाची चटणी, एवढं घरात असलं की झालं. डिंकाच्या लाडवांसाठी बाजारातून डिंक आणू नका, भेसळ असते; माझ्याकडे चांगला आहे. रविवारी गाडी घेऊन ये आणि येताना रिकामा डबा आण, मागच्या वर्षीचे माझे दोन डबे अजून तुमच्याकडेच आहेत.