नीरा डाव्या कालव्याचा पाठ संगणकावर

१८७६-७८ च्या भीषण दुष्काळानंतर नीरा डावा कालवा खोदण्यात आला व १८८५ मध्ये त्यातून पाणी वाहू लागले. सुमारे १६० किलोमीटर लांबीच्या या कालव्यामुळे बारामती परिसरातील अवर्षणग्रस्त जमीन उसाखाली आली. तथापि मुखाकडील शेताला मिळणारे पाणी इंदापूर तालुक्यातील शेवटच्या शेतापर्यंत का पोचत नाही, हे कोडे सिंचनाचा धडा केवळ पाठ करून उलगडत नाही. त्यासाठी माध्यमिक शाळेत संगणकाचे साहाय्य घेता येते.

ही कल्पना नवी नव्हे. अमेरिकेतील मिनिआपोलिस येथे १९७१ मध्ये तीन छात्राध्यापकांनी इतिहासाच्या तासासाठी ‘ओरेगॉन ट्रेल’ हा संगणकीय खेळ रचला. विद्यार्थ्यांनी स्थलांतरित कुटुंबाच्या भूमिकेतून निर्णय घ्यावयाचे आणि परिणाम संगणकाने दाखवावयाचे, असे त्याचे स्वरूप होते.

कालव्याचे असेच प्रतिरूप आकडेतक्त्याच्या साध्या प्रणालीवर तयार होऊ शकते. कालव्यावर पाच गावे आहेत व मुखाशी १०० एकके पाणी सुटले, असे मानावे. प्रत्येक टप्प्यात ५ एकके पाझरतात. म्हणजे प्रत्येक गावाचा हक्काचा वाटा १५ एककांचा. आता पहिल्या दोन गावांनी उसासाठी २५-२५ एकके उचलली, तर तिसऱ्या व चौथ्या गावास पूर्ण वाटा मिळतो. पाचव्याच्या वाट्याला मात्र शून्य येते! चौथ्या गावास टंचाईची जाणीवही होत नाही. पाळी शेवटाकडून मुखाकडे सुरू केली, तर तेवढ्याच पाण्यात पाचही गावांस प्रत्येकी १५ एकके मिळतात.

विद्यार्थ्यांच्या पाच गटांनी आळीपाळीने प्रत्येक गावाची भूमिका घ्यावी. मुखाकडील मुलगा शेवटच्या गावाचा प्रतिनिधी होताच शेजपाळी, पाणीवापर संस्था आणि शेतकऱ्यांकडे सिंचन व्यवस्थापन सोपविणारा २००५ चा अधिनियम यांचे प्रयोजन त्यास आपोआप कळते. नागरिकशास्त्राचा गाभा हाच होय.

एक दक्षता मात्र आवश्यक आहे. संगणक सांगतो ते त्यात भरलेल्या गृहीतांवरून. म्हणून ‘पाझर ५ ऐवजी ८ एकके धरला तर काय होईल?’ असे प्रश्न शिक्षकांनी विचारावेत आणि नंतर वर्ग प्रत्यक्ष चारीवर न्यावा. तेथे कालवा निरीक्षक व शेतकरी यांच्याशी होणारी चर्चा हाच या पाठाचा उत्तरार्ध ठरेल. ग्रामपंचायत सदस्यांनी अशा भेटीस साहाय्य केल्यास उद्याचे जाणते पाणीवापरकर्ते आजच्या वर्गातच घडू लागतील.