शरीराला जोडणाऱ्या ऊती

ठाणे, मुंब्रा, डोंबिवली, कल्याण ही नावे तुमच्या ओळखीची आहेत. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी आली. १८५४ साली रूळ कल्याणपर्यंत पोहोचले आणि गावे एकमेकांना जोडली गेली. आजही लोकल थोडा वेळ बंद पडली, तरी शाळा, कचेऱ्या, बाजार यांचे काम अडते. आपल्या शरीरातही जोडण्याचे काम करणाऱ्या ऊती आहेत. त्यांना 'संयोजी ऊती' म्हणतात.

ऊती म्हणजे ठरावीक काम मिळून करणाऱ्या पेशींचा समूह. संयोजी ऊतींमध्ये पेशी दूरदूर असतात. त्यांच्या मधल्या जागेत जो पदार्थ असतो, त्याला 'आधारक' म्हणतात. आधारक कधी टणक असतो, कधी लवचीक, तर कधी पाण्यासारखा पातळ. त्यावरून या ऊतींचे निरनिराळे प्रकार होतात.

बकरी ईदच्या दिवशी घरी मांस कापताना तुम्ही पाहिले असेल. मांसाच्या टोकाला एक पांढरी, चिवट दोरी असते. ती सुरीने सहज तुटत नाही. ही 'स्नायुरज्जू' होय. ती स्नायूला हाडाशी जोडते. तुमच्या टाचेच्या वर मागच्या बाजूला बोटांनी दाबून पाहा. तिथे अशीच एक मजबूत दोरी हाताला लागेल. एका हाडाला दुसऱ्या हाडाशी जोडणारा पट्टा म्हणजे 'अस्थिबंध'. हाडाच्या टोकावर जो गुळगुळीत, पांढुरका थर दिसतो, ती 'कास्थी'. आता आपला कान वाकवून सोडा. तो पुन्हा सरळ होतो, कारण त्यातही कास्थी आहे. कास्थीमुळे सांध्यातील हाडे एकमेकांवर घासत नाहीत.

हाड, म्हणजेच अस्थी, ही सर्वांत टणक संयोजी ऊती आहे. मोठ्या माणसाच्या शरीरात २०६ हाडे असतात. कोंबडीचे एक स्वच्छ हाड काही दिवस शिरक्यात बुडवून ठेवा. शिरका हाडातील कॅल्शियमचे क्षार विरघळवतो. मग तेच हाड रबरासारखे वाकते! क्षार गेले, पण चिवट तंतू मात्र राहिले. हे तंतू नीट तयार होण्यासाठी 'क' जीवनसत्त्व लागते. ते आवळा, पेरू आणि लिंबू यांतून मिळते.

त्वचेखालची चरबी हीसुद्धा संयोजी ऊतीच आहे. ती ऊर्जा साठवते व शरीराची उष्णता टिकवते. त्वचा आणि स्नायू यांच्यामध्ये 'विरल ऊती' असते. ती आतील अवयवांना आपापल्या जागी धरून ठेवते.

आता एक धोक्याची गोष्ट सांगतो. काही मुले गाडी पुरती थांबण्यापूर्वीच फलाटावर उडी मारतात. पाय मुरगळला, तर घोट्याचा अस्थिबंध ताणतो किंवा फाटतो. अस्थिबंधात रक्तवाहिन्या थोड्याच असतात. म्हणून तो बरा व्हायला कित्येक आठवडे लागतात. अशा वेळी पाय लगेच जोराने चोळू नये. पायाला विश्रांती द्यावी, कापडात गुंडाळलेला बर्फ लावावा आणि डॉक्टरांना दाखवावे. सर्वांत चांगले म्हणजे उडी मारूच नये. एक गाडी चुकली, तर दुसरी येते. पण प्राण गेला, तर परत येत नाही.

ज्याला तुम्ही उर्दूत 'खून' म्हणता, ते रक्तदेखील संयोजी ऊतीच आहे! त्याचा आधारक पातळ असतो. त्यात तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी आणि रक्तपट्टिका तरंगत असतात. रक्त प्राणवायू व अन्नरस सर्व अवयवांपर्यंत पोहोचवते. म्हणून ते साऱ्या शरीराला जोडते.

कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ साली रक्तगटांचा शोध जगापुढे मांडला. पुढे १९५२ साली मुंबईतील डॉ. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक अगदी दुर्मीळ रक्तगट जगाला दाखवून दिला. त्याला 'बॉम्बे रक्तगट' म्हणतात. साध्या तपासणीत हे रक्त 'ओ' गटाचे वाटते. पण या माणसाला 'ओ' गटाचे रक्त दिले, तर त्याच्या जिवाला धोका होतो. त्याला त्याच्याच गटाचे रक्त लागते. म्हणून रक्त देण्यापूर्वी दात्याचे व रुग्णाचे रक्त जुळते का, हे तपासणे फार आवश्यक आहे.

असा रुग्ण रुग्णालयात पडलेला असतो, तेव्हा त्याचे नातेवाईक दात्याची भाषा किंवा धर्म विचारत नाहीत. ते फक्त रक्तगट विचारतात. मित्रांनो, वयाची १८ वर्षे पूर्ण झाली, वजन किमान ४५ किलो असले आणि प्रकृती चांगली असली, म्हणजे तुम्हीही रक्तदान करू शकाल. तोपर्यंत घरातील मोठ्या माणसांना ही माहिती सांगा. शरीरात पेशींना जोडणारे रक्त माणसामाणसांनाही जोडते, हे विसरू नका.

शब्दार्थ
चिवट – सहज न तुटणारा. मुरगळणे – सांधा पिळला जाणे. दुर्मीळ – क्वचित मिळणारा. दाता – देणारा

स्वाध्याय
१. आधारक म्हणजे काय?
२. स्नायुरज्जू व अस्थिबंध यांत कोणता फरक आहे?
३. शिरक्यात ठेवलेले हाड का वाकते?
४. 'रक्त माणसामाणसांना जोडते' याविषयी पाच वाक्ये लिहा.