टाइप रेटिंग : आधी नेमणूक, मग विमान

सीपीएल, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाचा परवाना, हाती पडला की मुलगा प्रवासी विमान चालवू लागेल, अशी समजूत पालकांमध्ये सर्रास आढळते. प्रत्यक्षात हा परवाना पोटापाण्यासाठी उड्डाण करण्याची केवळ पात्रता देतो, आणि ते उड्डाण कोणत्या विमानाचे हे त्या परवान्यावरील नोंदींवरून ठरते. ज्याचे दोनशे तास सेसना किंवा पायपर यांसारख्या लहान विमानांवर भरले, त्याला एअरबस वा बोइंगमध्ये सहवैमानिकाच्या आसनावर बसण्यापूर्वी त्या विशिष्ट विमानाचे वेगळे प्रशिक्षण घेऊन वेगळी परीक्षा द्यावी लागते, आणि तीत उत्तीर्ण झाल्यावर परवान्यावर होणाऱ्या नोंदीला टाइप रेटिंग म्हणतात. ए३१९, ए३२० आणि ए३२१ ही भावंडे एकाच रेटिंगमध्ये येतात. बोइंग ७३७ च्या आधीच्या पिढीवरून मॅक्सवर जाताना फक्त दोहोंतील फरकांचे प्रशिक्षण पुरते. मात्र ए३२० वरून ७३७ वर जायचे तर सारा अभ्यासक्रम नव्याने करावा लागतो. १९८५ मध्ये केवळ महिला वैमानिक असलेल्या फोकर फ्रेंडशिप विमानाचे नेतृत्व करणाऱ्या इंडियन एअरलाइन्सच्या कॅप्टन सौदामिनी देशमुख पुढे बोइंग ७३७ आणि एअरबस ए३२० च्याही कमांडर झाल्या, आणि इतका अनुभव गाठीशी असूनही प्रत्येक नव्या विमानासाठी त्यांना असे प्रशिक्षण घ्यावेच लागले.

कळंब तालुक्यातील येरमाळा हे येडेश्वरी देवीचे गाव धुळे–सोलापूर महामार्गावर वसलेले आहे, आणि या गावातील विद्यार्थ्याला विमानप्रकारांतील फरक समजून घेण्यासाठी मुंबईपर्यंत जाण्याचे कारण नाही. दक्षिणेला सोलापूरच्या विमानतळावरून गोव्याची फ्लाय९१ ही कंपनी जून २०२५ पासून एटीआर ७२ विमानाने सेवा देऊ लागली. या विमानाला पंखे, म्हणजे प्रॉपेलर, असतात आणि ते जेट इंजिनासारख्याच टर्बाइनवर फिरतात. त्याच महामार्गाने उत्तरेला छत्रपती संभाजीनगर गाठले तर इंडिगोची ए३२० कुटुंबातील विमाने दिसतात, आणि नांदेडहून स्टार एअर एम्ब्रेअर १७५ हे लहान जेट चालवते. एवढ्या टापूत तीन प्रकारची विमाने झाली, म्हणजे रेटिंगही तीन झाली, परंतु त्यांची बाजारातील किंमत सारखी नाही. इंडिगोने जून २०२३ मध्ये ए३२० कुटुंबातील ५०० विमानांची मागणी नोंदवली. एअर इंडियाने त्याच वर्षी मागवलेल्या ४७० विमानांत एअरबस आणि बोइंग दोन्ही आहेत. अकासा एअरचा ताफा संपूर्णपणे ७३७ मॅक्सचा आहे. एम्ब्रेअर चालवणाऱ्या कंपन्या मात्र देशात अगदी मोजक्या असल्यामुळे, स्वतःच्या खर्चाने ते रेटिंग घेणाऱ्याला एका दारी नकार मिळाला की दुसरे दार शोधणे अवघड जाते.

मागणीचे हे आकडे दाखवूनच टाइप रेटिंगची जाहिरात केली जाते, आणि नेमक्या याच ठिकाणी पालकांनी सावध राहावयास हवे. मागवलेली विमाने वर्षानुवर्षे टप्प्याटप्प्याने येतात, कंपन्या मात्र एखाद्या रात्रीत बंद पडतात. १७ एप्रिल २०१९ रोजी जेट एअरवेजचे शेवटचे उड्डाण झाले आणि ७३७ चे रेटिंग असलेले अनुभवी वैमानिक एकाच वेळी नोकरीच्या शोधात बाहेर पडले. मे २०२३ मध्ये गो फर्स्टची उड्डाणे थांबली तेव्हा तीच वेळ ए३२० च्या वैमानिकांवर आली. अशा वेळी दोनशे तासांच्या नवख्याने वीस लाख खर्चून घेतलेले रेटिंग हजारो तासांच्या अनुभवापुढे टिकत नाही. त्यात भर म्हणजे रेटिंग ही पदवीसारखी कायम टिकणारी गोष्ट नव्हे. ठरावीक मुदतीत सिम्युलेटरवरील तपासणी पुन्हा द्यावी लागते, अलीकडच्या महिन्यांत उड्डाण झालेले नसेल तर विमान कंपन्या ते रेटिंग चालू धरत नाहीत, आणि घरी बसून ते जिवंत ठेवायचे तर प्रत्येक वेळी सिम्युलेटरचे भाडे खिशातून भरावे लागते. म्हणून कोणते विमान निवडावे या प्रश्नाआधी, ते चालवायला कोण देणार आहे, हा प्रश्न सोडवला पाहिजे.

तो सुटण्याचे मार्ग फार नाहीत. काही कंपन्या निवड झालेल्या उमेदवाराचे रेटिंग स्वतः करून घेतात आणि बदल्यात काही वर्षे नोकरी न सोडण्याचा करार, म्हणजे बाँड, लिहून घेतात, तर काही ठिकाणी निवड आधी होते पण रेटिंगचा खर्च उमेदवारावर पडतो. कॅडेट योजनेत बारावीनंतरच निवड होऊन सीपीएलपासून रेटिंगपर्यंतचे सारे प्रशिक्षण एका साखळीत होते; मात्र तिचा खर्च कोटीच्या घरात किंवा त्यापलीकडे जातो. स्वतंत्रपणे शिकणाऱ्यासाठी सीपीएलला साधारण पन्नास लाख किंवा त्याहून अधिक आणि रेटिंगला पंधरा ते पंचवीस लाख असा अंदाज धरावा लागतो. सोयाबीन आणि तुरीच्या उत्पन्नावर चालणाऱ्या कुटुंबासाठी ही रक्कम म्हणजे बहुधा जमीनच होय, आणि नेमणुकीचा कागद हाती नसताना दुसऱ्या हप्त्यासाठी, म्हणजे रेटिंगसाठी, उरलेला तुकडा विकणे हा निर्णय कोणत्याही हिशेबात बसत नाही.

पहिला रुपया खर्च करण्यापूर्वी वैद्यकीय तपासणी व्हावी, हे सांगूनही अनेकदा दुर्लक्षिले जाते. आधी वर्ग दोनची आणि नंतर वर्ग एकची तपासणी असते; रंग ओळखण्यातील दोष घरात कोणाच्या कधी लक्षातही आलेला नसतो आणि तो येथे उघड होतो. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित नसल्यास ते विषय राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून देता येतात. उड्डाण प्रशिक्षणासाठी महाराष्ट्रातच बारामती, गोंदिया, शिरपूर, जळगाव आणि नागपूर येथे संस्था आहेत. महाज्योती या राज्य शासनाच्या संस्थेने इतर मागास वर्ग, विमुक्त जाती, भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गातील उमेदवारांसाठी नागपूर फ्लाइंग क्लबमार्फत सीपीएल प्रशिक्षणाची योजना राबवली आहे, तेव्हा पात्र कुटुंबांनी तिच्या जाहिरातीवर लक्ष ठेवावे.

रेटिंगचा अभ्यासक्रम मोजक्या आठवड्यांचा असतो, पण तो दमछाक करणारा असतो. आधी विमानातील यंत्रणांचा अभ्यास होतो: वीज, इंधन, हायड्रॉलिक म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारी नियंत्रणे, हवेचा दाब, स्वयंचलित उड्डाण. त्यानंतर न हलणाऱ्या प्रशिक्षण-कॉकपिटमध्ये कार्यपद्धतींचा सराव होतो, आणि शेवटी पायांवर झुलणाऱ्या फुल फ्लाइट सिम्युलेटरमध्ये रोजची कित्येक तासांची सत्रे सुरू होतात. तेथील सर्वांत गाजलेला प्रसंग म्हणजे धावपट्टीवर इंजिन बंद पडणे. व्ही-वन हा असा वेग असतो की त्यानंतर विमान थांबवणे सुरक्षित राहत नाही. ‘व्ही-वन’ असा पुकारा होताच कॅप्टनचा हात थ्रस्ट लिव्हरवरून निघतो, आणि त्यानंतर एक इंजिन गेले तरी विमान उडवावेच लागते. नाक मृत इंजिनाच्या बाजूला ओढले जाते, ते पायातील रडरने सरळ धरायचे; ‘रोटेट’ म्हटल्यावर सावकाश उचलायचे; ‘पॉझिटिव्ह क्लाइंब’, ‘गिअर अप’ असे ठरलेल्या शब्दांतच बोलायचे; आणि धोक्याचे दिवे लागले असले तरी साधारण ४०० फूट उंची येईपर्यंत बिघाडाच्या कोणत्याही स्विचला हात लावायचा नाही. लहान विमानात एकट्याने चपळाईने वागण्याची सवय लागलेल्या उमेदवाराला हे हात आवरणेच सर्वांत जड जाते, कारण येथे एक वैमानिक विमान उडवतो, दुसरा वाचून, तपासून, बोलून त्याला साथ देतो, आणि परीक्षक या दोघांमधील कामाची वाटणी बारकाईने पाहत असतो. सिम्युलेटरमधील परीक्षेनंतर नवख्याला खऱ्या विमानावर ठरावीक उड्डाणे आणि उतरणी कराव्या लागतात, आणि मग प्रवाशांसह, प्रशिक्षक कॅप्टनच्या देखरेखीखाली, प्रत्यक्ष मार्गावरचे शिक्षण सुरू होते.

याची पूर्वतयारी येरमाळ्यातील एखाद्या खोलीतही होऊ शकते, आणि तिला खर्च जवळजवळ नाही. निवड झाल्यावर त्या विमानाच्या कॉकपिटचे मोठे चित्र भिंतीवर लावून, कोणता स्विच कोणत्या क्रमाने तपासायचा हे बोट ठेवून मोठ्याने म्हणत राहणे, ही जगभरच्या उमेदवारांची जुनी रीत आहे. सिम्युलेटरचा एकेक तास महाग असल्याने स्विच शोधण्यात तो घालवणे परवडत नाही. मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याने इंग्रजीची भीती बाळगू नये, मात्र आंतरराष्ट्रीय मापनातील किमान चौथी पातळी सिद्ध करावी लागते हे ध्यानात ठेवून नववी-दहावीपासूनच रोज मोठ्याने वाचण्याची सवय ठेवावी. येथे अलंकारिक भाषा कामाची नसते, रेडिओवर ऐकलेली सूचना जशीच्या तशी परत म्हणता येणे कामाचे असते.

संस्था निवडताना तिला आणि तिच्या सिम्युलेटरला डीजीसीएची, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची, चालू मान्यता आहे का, शुल्कात खऱ्या विमानावरील उड्डाणे धरली आहेत का, एखादे सत्र पुन्हा करावे लागल्यास किती पैसे पडतील, आणि परदेशात प्रशिक्षण घेतल्यास भारतीय परवान्यावर नोंद कोण व केव्हा करून देईल, हे लेखी विचारावे. नोकरीची तोंडी हमी देणाऱ्या संस्थेला ती हमी विमान कंपनीच्या पत्रावर मागावी. ते पत्र येत नसेल, तर पालकांनी रेटिंगचे पैसे भरू नयेत, आणि मुलाने त्या काळात उड्डाण-प्रशिक्षकाचे रेटिंग घेऊन आपले तास वाढवावेत.